चार टोकांची गाठ

आज सकाळी गाडीच्या मागच्या काचेवर बोटाने लिहिलेलं दिसलं, ‘वॉश मी’. म्हणजे लेक कॉलेजातून सुट्टीला आली आणि पाइनची भुकटीही आली. दोघींचं येणं दर वर्षी साधारण एकाच आठवड्यात पडतं आणि दोघींच्या पायगुणाने माझं आवराआवरीचं काम दुप्पट होतं.

ज्यांनी अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावातला वसंत पाहिला नाही त्यांना हे सांगून पटायचं नाही. मार्च संपता संपता एक दिवस उजाडतो तोच पिवळा. गाड्या, डेकवरच्या खुर्च्या, टपालपेटी, समोरच्यांचा काळा कुत्रा, सगळ्यांवर हळदीचा हात फिरवल्यासारखा. पाइनच्या झाडांचे पराग असतात ते. पाऊस झाला की रस्त्याच्या कडेने पिवळे ओघळ वाहतात. मराठी मंडळाच्या ग्रुपवर गणपतीच्या फोटोंपेक्षा ॲलर्जीच्या गोळ्यांची नावं जास्त फिरतात. माझा नवरा मकरंद सलग अकरा शिंका देतो आणि बारावी अडकली की माझ्याकडे असा बघतो की ती मीच अडवून धरली आहे.

मला धूळ सहन होत नाही. माहेरी, इचलकरंजीला, आमच्या घराखालीच वडिलांचे चार माग होते. कापसाची तुसं उडत उडत जिन्यावरून थेट देवघरापर्यंत यायची. आई दिवसातून तीनदा फडकं मारायची आणि चौथ्यांदा माझ्या हातात द्यायची. ते फडकं अजून माझ्या हातातून सुटलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या वर्षी जे झालं ते माझ्या या स्वच्छतेच्या खोडीनेच झालं.

आठ वर्षं झाली त्याला. त्या जानेवारीत आई गेली. मकरंदने नुकतीच नोकरी बदलली होती, आमचे व्हिसाचे कागद मधल्यामध्ये लोंबकळत होते. वकील म्हणाला, आत्ता देशाबाहेर गेलात तर परत यायची खात्री मी देत नाही. मी गेले नाही. भावाने फोन धरून ठेवला, त्यात मला आईचे पाय आणि भिंतीवरचं कॅलेंडर एवढंच दिसत होतं. भावाला कसं सांगणार, की फोन जरा वर धर? मी रडलेही नाही. दुसऱ्या दिवशी लेकीचा, ईराचा, डबा केला, धुण्याचं मशीन लावलं आणि घर इतकं लख्ख केलं की मकरंद घाबरला. त्यानेच मग मला गावातल्या कलाकेंद्राच्या एका क्लासला घातलं. मंगळवारी सकाळी, ठसे आणि कोलाज. ‘यार, कुठेतरी जा तू,’ एवढंच म्हणाला.

शिकवायला मिस व्हर्लीन होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, ताठ, बारीक कापलेले पांढरे केस, आणि काळ्याभोर बोटांवर सतत निळी शाई. इथे मोठ्या बायकांना नावाआधी मिस लावतात, तसं मीही लावायला लागले. पण मनातल्या मनात मी त्यांना मावशीच म्हणत असे. मूळच्या सेंट लुशिया बेटावरच्या. आमच्या घरी वेस्ट इंडीज म्हणजे क्रिकेट आणि वडिलांचा रेडिओ. तिकडे बायका राहतात, त्या बायकांना आज्या असतात, असा विचार मी कधी केलाच नव्हता. पहिल्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, ‘राहतात, दूदू. बोलिंगसुद्धा करतात.’ दूदू म्हणजे त्यांच्याकडचं लाडाचं संबोधन. दुसऱ्या मंगळवारपासून मी दूदू झाले ती झालेच.

काम सोपं वाटायचं आणि सोपं नव्हतं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काहीबाही चिकटवायचं, दोरा, पानं, फाटकी जाळी, वाळू. ते वाळलं की त्यावर शाई चोपडायची आणि लगेच पुसायची. शाई खड्ड्यांत राहते, उंचवट्यांवरून जाते. मग ओला कागद ठेवून लोखंडी रुळाखालून सारायचा. ते मोठं चाक फिरवताना कुर्रकुर्र आवाज यायचा आणि खांद्यांना ओढ बसायची. आमच्या मागांची खटखट त्यात नव्हती, तरी तेलाचा वास तोच होता. मिस व्हर्लीन म्हणायच्या, शाई पुसताना फार पुसू नकोस. माझा कागद दर वेळी कोराच निघायचा. ‘तुझ्याकडे डाग टिकतच नाही की,’ असं त्या म्हणायच्या.

त्यांची स्वतःची चित्रं भिंतीला टेकून उभी असत. एका मालिकेवर त्या दोन वर्षं काम करत होत्या, बारा ठसे, त्यातले अकरा झाले होते. प्रत्येकात एक बाई, आणि तिच्या डोक्यावर काहीतरी. एकीच्या डोक्यावर होडी. एकीच्या डोक्यावर केळ्यांचं खोकं, त्याचं खरंखुरं लेबल चिकटवलेलं. एकीच्या डोक्यावर ब्रुकलिनची चार मजली इमारत, कारण मिस व्हर्लीन एकोणिसाव्या वर्षी तिथल्या तळघरात राहायला आल्या आणि हॉस्पिटलच्या चादरी धुण्याच्या कामाला लागल्या. पिठाच्या पोत्याचं कापड, जुने फॉर्म, विमानाचं तिकीट, नकाशाच्या चिंध्या, सगळं त्या बायकांच्या अंगावर लुगड्यासारखं नेसवलेलं. चेहरे काळ्या शाईचे, आणि डोळ्यांच्या जागी कोरा कागद सोडलेला. मी विचारलं, डोळे का नाहीत? ‘आहेत ना. समोर बघतायत, म्हणून तुला दिसत नाहीत,’ असलं काहीतरी म्हणून त्या चहा करायला उठल्या. त्यांना फार समजावून सांगायचा कंटाळा होता.

बाराव्या ठशासाठी त्यांनी एके दिवशी एक गोल डबा आणला. जुन्या टोपीचा असतो तसा. आत कागदाच्या बोळ्यांवर चौकड्यांच्या कापडाचं एक गाठोडं होतं, पिवळं, लाल, हिरवं, एका अंगाने विटलेलं. ‘आजीचं,’ त्या म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, ‘अय्या, हे तर आमचं.’

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना ही सवयच असते. योगा आमचा, शून्य आमचं, हळद घातलेलं दूध तर आमचं आहेच. मी मोठ्या उत्साहाने सांगत सुटले, हे मद्रास चेक्स, हे हातमागाचं, माझे वडील मागवाले, मला बघताक्षणी कळतं. मिस व्हर्लीननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘हो, मद्रास. आम्हीही मद्रासच म्हणतो,’ त्या म्हणाल्या. ‘कापडही जहाजातून आलं आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली आमची माणसंही. एकाच धक्क्यावर उतरवली. कापडाचं नाव कायम राहिलं. माणसांची नावं बदलली.’

त्यांनी कापडाच्या विटलेल्या भागावरून बोट फिरवलं.

‘माझ्या आजीला तिच्या आईने यातच पाठीशी बांधून शेतावर नेलं. आजीनेही आयुष्यभर हेच डोक्याला बांधलं. आता सांग, कुणाचं?’

‘तुमचं,’ मी म्हटलं.

‘नाही. आजीचं,’ त्या म्हणाल्या आणि हसून डब्याचं झाकण लावलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी भुकटीचा दिवस उजाडला. शाई पुसायच्या द्रावणाचा वास डोक्यात जात होता म्हणून मी खिडकी उघडली. मिस व्हर्लीनना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. कापड समोर ठेवून त्यांनी चित्र काढायला घेतलं होतं, ते तसंच टेबलावर सोडून त्या निघाल्या. ‘डबा कपाटात ठेव, दूदू,’ एवढं सांगून गेल्या. मी माझं पुसणं संपवून वळले तर सगळं टेबल पिवळं. त्यांचा वाळत घातलेला ठसा पिवळा. आजीचं कापड पिवळं. झटकलं तर भुकटी आणखी आत शिरली.

माझ्या जागी माझी आई असती तरी तिने तेच केलं असतं. आपल्याकडून दुसऱ्याचा डबासुद्धा रिकामा परत जात नाही. इथे तर माझ्या हातून एका म्हाताऱ्या बाईचं कापड मळलं होतं. मी डबा घरी आणला. गाठी पक्क्या होत्या, त्या सुईच्या टोकाने एकेक करून सोडवल्या. कोपरा भिजवून रंग जातो का ते पाहिलं. कोमट पाण्यात मीठ घातलं, हलक्या हाताने धुतलं, भाताची पातळ कांजी केली, बाहेर भुकटी म्हणून न्हाणीघरातल्या दांडीवर वाळत घातलं. मग थोडं दमट असतानाच इस्त्री. असं कडक, चकचकीत कापड झालं की मलाच कौतुक वाटलं. चारपदरी घडी घातली आणि वर दोन सोनचाफ्याची फुलं ठेवावीत तशी आमच्या अंगणातली दोन मॅग्नोलियाची फुलं ठेवली. जानेवारीनंतर पहिल्यांदाच त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

मंगळवारी मिस व्हर्लीननी झाकण उघडलं. फुलं बाजूला केली. घडीवरून हात फिरवला. मग त्या खाली बसल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘सोडलंस तू ते?’

‘धुतलं,’ मी म्हटलं. ‘खिडकीमुळे पिवळं झालं होतं. रंग गेला नाही जराही.’

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. खिडकीबाहेर बघत सांगू लागल्या. आमच्याकडे बायका हे कापड डोक्याला बांधतात आणि त्याला टोकं काढतात. एक टोक असलं तर मन मोकळं आहे. दोन असली तर कुणाला तरी दिलेलं आहे. तीन म्हणजे लग्न झालेलं. आणि चार टोकं म्हणजे, सगळं झालेलं असलं तरी जागा आहे, बघा प्रयत्न करून. ‘माझी आजी पंचाहत्तरीला चार टोकं बांधायची,’ त्या म्हणाल्या. ‘चर्चमध्येसुद्धा.’

मी हसले. लगेच थांबले.

‘मी निघाले त्या दिवशी तिने ते डोक्यावरून तसंच उचललं, टोपी काढतात तसं. माझ्या हातात दिलं. मी तिचे केस त्याआधी कधी पाहिले नव्हते. पांढरे, इतकेसे. त्यानंतर ती मला दिसली नाही. ती गेली तेव्हा माझे कागद झालेले नव्हते, म्हणून मी गेले नाही. ती गाठ तिने बांधलेली होती, दूदू. कापड तर बाजारात मिळतं.’

जानेवारीत मला जे झालं होतं तेच त्यांना पन्नास वर्षांपूर्वी झालं होतं. तेवढ्या वर्षांत एक गाठ त्यांनी जपली, आणि ती मी सुईने सोडवून, कांजी करून, इस्त्री मारून परत आणली होती.

घरी सांगितलं तर मकरंद म्हणाला, ‘सॉरी म्हण आणि एक चांगलं गिफ्ट कार्ड दे.’ ईरा तेव्हा बारा वर्षांची होती. सीरियल खाता खाता थांबली आणि म्हणाली, ‘मॉम, यू वॉश्ड हर ग्रँडमा.’ या घरात खरं बोलायचं काम तिच्याकडेच आहे. पुढच्या मंगळवारी मी क्लास कॅन्सल केला. त्याच्या पुढच्याही करणार होते, तर सकाळीच फोन आला. ‘चाक फिरवायला माणूस हवंय. माझे खांदे दुखतात.’

मी गेले. त्यांनी ते कापड शाई न लावता रुळाखाली घातलं होतं, वर जाड ओला पांढरा कागद. मी चाक फिरवलं. कागद उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरका धरला. कोऱ्या कागदावर विणीचे बारीक दाणे उमटले होते, आणि त्यातून आडव्यातिडव्या रेषा गेल्या होत्या. इस्त्रीने दिसेनाशा झालेल्या घड्या. पन्नास वर्षं दुमडलेलं सूत काही माझ्या एका इस्त्रीने सरळ होणार नव्हतं. मी मागवाल्याची मुलगी. साडीवरच्या चुण्या बघून ती कशी नेसली होती ते सांगू शकते. म्हटलं, ‘द्या इकडे. जमेल मला.’

दोन तास आम्ही दोघी त्या कापडाशी झटत होतो. विटलेला भाग बाहेरचा, रंगाचा भाग आतला, ही रेष इथून वळली, ती त्या खालून गेली. शाईचं भांडं उपडं घालून त्यावर बांधून पाहिलं. तीन टोकं उभी राहिली. चौथं राहीना. मी परत सोडलं, परत बांधलं. चौथं प्रत्येक वेळी कलंडायचं, आणि तिसऱ्या खेपेला मिस व्हर्लीननी माझा हात धरला.

‘पुरे. ती गाठ तिच्या डोक्याची होती. भांड्यावर कशी येईल?’

मी म्हटलं, मला माफ करा. त्या म्हणाल्या, केलं. पण त्यांनी कापड डब्यात ठेवलं नाही, आणि तो डबा रिकामाच कपाटावर टाकला, ते मला दिसलं.

आमच्या घरी कपाटात एक पिशवी होती. त्याआधीच्या दिवाळीला इथल्या एका मैत्रिणीचे आईवडील आले, त्यांच्याबरोबर आईने माझ्यासाठी इरकल पाठवली होती. बारीक चौकडीची, लाल काठांची. फोनवर म्हणाली होती, ‘आधी घडी मोडायला कुणाला तरी दे गं. आपलं माणूस बघून दे. मग तू नेस.’ आमच्याकडे ही रीतच होती. नवी साडी आपण आधी नेसायची नाही, जिच्यावर जीव आहे तिला द्यायची. तिने दिवसभर मिरवली की मग ती आपली. आई तिच्या सगळ्या साड्या आधी माझ्या आत्याला द्यायची. इथे कॅरीत कुणाला देऊ? प्रत्येकीच्या कपाटात चाळीस साड्या आणि नेसायला वर्षातून दोन दिवस. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग आईच गेली, आणि त्या पिशवीचं तोंड उघडायचं माझ्याने होईना.

ती पिशवी घेऊन मी मंगळवारी गेले. मिस व्हर्लीनपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, आईचं, फोनमधल्या पायांचं, घडी मोडायच्या रितीचं. एवढं मी मकरंदलाही सांगितलं नव्हतं.

‘तू स्वतः उघडली नाहीस अजून?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘मग माझ्या हातून उघडायची?’

‘आई म्हणाली होती, आपलं माणूस बघून दे.’

त्यांनी हात धुतले. नखांतली शाई ब्रशने काढली. मग त्यांनीच पिशवीवरच्या चिकटपट्टीची कड सोडवली आणि आईने घातलेली घडी एकेक पदर करून उघडली. आत डांबरगोळीचा वास होता आणि आमच्या घराचा. मी त्यांच्या जीन्सवरूनच साडी नेसवायला घेतली. त्या उंच, साडी घोट्याच्या वर राहिली. निऱ्या घालताना मी गुडघ्यावर बसले होते, डोळ्यांसमोर फक्त त्यांचे पाय होते, आणि मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. मिस व्हर्लीन हलल्या नाहीत. निऱ्या सुटू नयेत म्हणून त्यांनी एका हाताने त्या धरून ठेवल्या आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला, माझं होईपर्यंत.

नंतर त्यांनी इस्त्री केलेलं ते मद्रास घेतलं आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांत त्यांनी ते एकदाही स्वतःच्या डोक्याला लावलं नव्हतं, गाठ मोडेल म्हणून. सुरुवातीला हात अडखळले. मग जमत गेलं, खाली ओढ, मागे नेऊन पीळ, पुढे गाठ. माझ्या कांजीमुळे टोकं ताठ उभी राहिली. मी मोजली.

‘चार?’

‘जागा आहे,’ आरशातल्या स्वतःकडे बघत त्या म्हणाल्या.

बारावा ठसा त्यांनी त्याच आठवड्यात केला. डोक्यावर चार टोकांचं कापड बांधलेली बाई. तिच्या कमरेला त्यांनी माझ्या इरकलीची चौकडी कोरली. ओल्या शाईवर परत भुकटी बसली, या वेळी खिडकी त्यांनीच उघडी ठेवली होती. त्याची एक प्रत आमच्या जेवणाच्या टेबलामागे लावलेली आहे. येणारे काका-काकू विचारतात, हे पिवळं काय पडलंय, पुसून घे गं. मी हो म्हणते.

मिस व्हर्लीन आता अटलांटाला मुलाकडे असतात. आज दुपारी त्यांचा फोन आला, ‘झालं का पिवळं?’ दर वर्षी विचारतात.

त्या वेळी साडी त्या घरी घेऊन गेल्या होत्या. आठवडाभर त्यांनी ती नेसली, चर्चला, बाजारात, कशी नेसली देव जाणे. पुढच्या मंगळवारी परत आणली ती नुसती गुंडाळून. पदराला निळ्या शाईचं बोट लागलेलं, काठाला कसलासा रस्सा, सगळ्या साडीला त्यांच्या खोबरेलाचा वास आणि त्याच्या खाली, नीट नाक लावलं तर, आमच्या घराचा. ‘धुतली नाहीये,’ त्या मला बजावून म्हणाल्या.

या भुकटीच्या दिवसांत मी ती एकदा नेसते. आज संध्याकाळी नेसले तेव्हा ईराने पदरावरचा डाग पाहिला आणि म्हणाली, ‘आई, हे क्लीन करू का?’ मराठीत म्हणाली, तेही माझं मन राखायला. मी तिला खोलीतून बाहेर काढलं. घरातला कपडा न कपडा मी धुते, पडदे धुते, गाडी तर उद्या धुणारच आहे. पण ती साडी मी अजून पाण्यात घातलेली नाही.